कुत्रं पाणी ओकतं तेव्हा

मंडळी, रात्रभर आपलं खळं राखणारं कुत्रं आजारी पडलं, की आपण म्हणतो, "होईल आपोआप बरं." पुष्कळदा होतंही. उन्हातून धावत आलं, घटाघटा पाणी प्यालं अन् लगेच ओकलं, तर घाबरू नये. सावलीत बसवावं. जरा थांबून थोडं थोडं पाणी द्यावं.

पण प्यालेलं पाणी पुन्हा पुन्हा पडू लागलं, की अंगातलं पाणी आटतं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती झटकन खाली बसली नाही, तर गुरांच्या डॉक्टरकडे न्या. ओकारीत रक्त दिसलं, उंदराचं औषध खाल्ल्याचा संशय आला, किंवा पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि उमाळे येऊनही काही पडेना, तर घटकाभरही थांबू नका. पिल्लाला ओकारीबरोबर रक्ताची हगवण लागली, तरी तसंच. तो पार्व्हो रोग असू शकतो. त्याची लस मिळते. ती आधीच टोचून घ्यावी. मीठ पाजू नका, घरातल्या तापाच्या गोळ्या तर नकोतच.

आणि कुत्र्याला पाणी गिळताच येईना, लाळ गळते, आवाज बदललाय? मग हाड अडकलं असेल म्हणून घशात हात घालू नका. ते पिसाळलेलं असू शकतं. आम्हाला खरी भीती इथंच वाटते, कारण मायेपोटी माणूस हात घालतोच. चावलं किंवा लाळ जखमेला लागली, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. तिखट, चुना लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या.