पेशव्यांची जागा, विधवेची नाणी

पुण्यात क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च आपण पाहिलं असेल. त्याची जागा सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७९२ साली, त्यांच्या फौजेतल्या कॅथलिक सैनिकांना उपासनेसाठी मिळाली. एका धर्माच्या राज्यकर्त्यानं दुसऱ्या धर्माच्या उपासनेला जागा दिली, याचा पुणेकरांना अभिमान वाटायला हवा.

ती जागा दानातून मिळाली; ख्रिस्ती जीवनात तर दान हा उपासनेचाच भाग आहे. रविवारी उपासनेच्या वेळी अर्पण गोळा होतं. काही कुटुंबं उत्पन्नाचा दशमांश, म्हणजे दहावा हिस्सा, बाजूला काढतात. सुगीनंतरच्या उपकारस्तुतीच्या सणाला अनेक मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, लोक धान्य, भाज्या, फळं आणतात. त्यांचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. चर्चची देखभाल, पाळकांचं मानधन, गरजूंना मदत हे बरंचसं अशा दानातून चालतं.

मग किती द्यावं? बायबलमधल्या शुभवर्तमानात येशूनं धनिकांच्या मोठ्या रकमांपेक्षा गरीब विधवेची दोन नाणी मोठी मानली, कारण तिनं आपली सगळी पुंजी दिली होती. म्हणजे रकमेपेक्षा देण्यामागचं मन महत्त्वाचं; म्हणून दान आनंदानं द्यावं, कुणाच्या दबावाखाली नाही. आणि मंडळीनंही चोख हिशेब सर्वांसमोर ठेवावा; विश्वासानं दिलेल्या पैशाचा तोच खरा मान.