नोटेवर कोण?



सभागृहातल्या फलकावर कुणाची नावं लावायची, यावर सकाळपासून खल चाललाय. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या नोटांबद्दल बोलते. ५० डॉलरवर एडिथ कोवन आहे, १९२१ मध्ये तिथल्या कायदेमंडळावर निवडून आलेली पहिली स्त्री. ही निवड सोपीच. पण २० डॉलरवरची मेरी रीबी? घोडाचोरीपायी कोवळ्या वयात इंग्लंडातून हद्दपार झालेली कैदी! पुढे नवरा वारल्यावर सात मुलं सांभाळत तिनं जहाजांचा व्यापार वाढवला. आपल्या चाळणीतून ती पहिल्याच फेरीत गळाली असती.

आपल्या यादीत सगळे बोर्डात आलेले. दहावीआधी शाळा सुटलेली एकही मुलगी नाही. जागा नसेल तर माझं नाव खोडा. इंजिनिअर काय, पुष्कळ आहेत. यादी रंगाऱ्याकडे उद्या पाठवू.