ओढ्याच्या पाण्याचे दोन राखणदार



पाण्यावर बोला, असे व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी सांगितले तेव्हा मी जरा बिचकलो. मी इंजिनिअर नाही आणि डॉक्टरही नाही. सातवीनंतर शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या बैठकींत. पण ज्यांची संघटना बांधण्यात माझे अर्धे आयुष्य गेले, त्यांत गावोगाव नळाचे पाणी सोडणारे ग्रामपंचायतीचे कर्मचारीही आहेत. त्यांच्या पगाराचा हिशेब मांडता मांडता मला पाण्याचाही हिशेब शिकावा लागला. तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

मराठीत वाळवंट या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वाळवंट राजस्थानातले. दुसरे पंढरपूरचे, म्हणजे चंद्रभागेच्या पात्रातली वाळू. आपला मुलूख पहिल्या अर्थाने वाळवंट नव्हे. पाऊस येथे बरा पडतो. पण तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो, आणि खाली काळा पाषाण असल्यामुळे फारसा मुरत नाही. त्यामुळे डोंगरकड्याच्या आसपासचे ओढे पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहतात आणि होळीपर्यंत त्यांत गोटे उरतात. आपली कयाधू वाशीमकडच्या डोंगरांतून निघून पैनगंगेला मिळते. तिची उन्हाळ्यातली अवस्था आपण पाहतोच. पाण्याच्या गुणाचा विचार केला तर अशा ओढ्यांना वाळवंटातल्या ओढ्यांचेच नियम लागू पडतात.

ते नियम कोणते? बारमाही नदीत घाण पडली तर मागून येणारे पाणी तिला निदान पातळ तरी करते. आपल्या ओढ्याला ती सोय नाही. त्याचे पाणी वर्षातून तीनदा रंग बदलते. मृगाचा पहिला लोंढा येतो तो आठ महिन्यांची सगळी घाण घेऊन येतो: शेण, उकिरडा, उघड्यावरची विष्ठा, शेतातले खत आणि फवाऱ्याचे औषध. नवे पाणी आले म्हणून आपण हरखतो. पण वर्षातले सर्वांत धोक्याचे पाणी ते हेच. काठावरच्या विहिरींतही ते उतरते. पुढे श्रावण-भाद्रपदात धार निवळते. दिवाळीनंतर वाहणे थांबते आणि डोह उरतात. ऊन पाणी उडवून नेते, क्षार आणि घाण मागे ठेवते. त्याच डोहात गुरे बसतात, धुणी होतात. डोह जितका लहान, तितकी त्यातली घाण दाट.

मग आपल्या आयाबहिणी काय करीत? डोह सोडून पात्रातल्या वाळूत झिरा खणत आणि वाटीवाटीने घागर भरत. त्यांना जंतुशास्त्र ठाऊक नव्हते, पण वाळूतून आलेले पाणी बाधत नाही हे ठाऊक होते. वाळू हा ओढ्याचा पहिला राखणदार आहे.

याचा पुरावा दूर जर्मनीत मिळतो. १८९२ साली हांबुर्ग शहरात पटकी आली. हांबुर्ग आणि त्याला लागूनच असलेले आल्टोना, दोन्ही शहरे एल्बे नदीचेच पाणी पीत. आल्टोना खालच्या अंगाला, म्हणजे त्याच्या वाट्याला हांबुर्गची घाण मिसळलेले पाणी. तरी हांबुर्गमध्ये आठ हजारांवर माणसे मेली आणि आल्टोना जवळजवळ बचावले. फरक एवढाच होता की हांबुर्ग पाणी न गाळता पुरवी आणि आल्टोना ते वाळूच्या थरातून गाळून घेई. वाळूतून पाणी सावकाश उतरते तेव्हा वरच्या थरावर सूक्ष्म जीवांची एक बुरशीसारखी साय धरते आणि ती रोगाचे जंतू अडवते. जे आल्टोनाने पैसे खर्चून बांधले ते आपल्या ओढ्याला निसर्गाने फुकट दिले होते. आज ते ट्रॅक्टर भरभरून चालले आहे. वाळू उपशाची चर्चा होते ती बुडालेल्या महसुलाची आणि खालावलेल्या विहिरींची. पण वाळू गेली म्हणजे गावाची गाळणी गेली, हे कोणी बोलत नाही.

वाळू सर्व काही करते असे मात्र समजू नका. शेतातल्या युरियापासून होणारे नायट्रेट पाण्यात विरघळलेले असते. ते वाळूत अडत नाही, आणि पाणी उकळल्याने तर उलट दाट होते. लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर गेले तर ते पाणी तान्ह्या मुलाला घातक. म्हणून विहिरीच्या डोक्यावर खताचे पोते रिकामे करणारा शेतकरी आपल्याच घरच्या पाळण्याकडे ते पाठवीत असतो.

आता दुसरा राखणदार. तो म्हणजे माणूस.

माझ्या लहानपणी वडिलांना नारू झाला होता. पायाच्या घोट्यातून दोऱ्यासारखा जंत निघे आणि तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढावा लागे. ऐन पेरणीच्या तोंडावर ते महिनाभर बाजेवर होते. मजुरी बुडाली ती बुडालीच. मराठवाड्यात पायऱ्यांच्या विहिरी होत्या. नारूचा रोगी पाण्यात पाय घाली, अळ्या पाण्यात सुटत, त्या बारीक पाणपिसवांच्या पोटात जात, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने जंत तयार होई. या रोगावर लस नव्हती, गुणकारी औषध नव्हते. तरीही तो गेला. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. हे कशाने झाले? पाणी कापडातून गाळा असे घरोघर सांगितले, पायऱ्या बुजवून रहाट बसवले, विहिरींत औषध टाकले आणि एकेक रोगी शोधला. हे काम कमी पगाराच्या माणसांनी पायी हिंडून केले.

आज तेच काम गावच्या पाणी सोडणाऱ्याकडे आहे. टीसीएल पावडर किती घालायची? चांगली पावडर आणि स्वच्छ पाणी असेल तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम. वीस हजार लिटरच्या टाकीला पन्नास ग्रॅम. मग निदान तासभर थांबून पाणी सोडायचे. गढूळ पाण्यात पावडर वाया जाते, म्हणून आधी तुरटीने निवळायचे. पोते उघडे राहिले तर पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि हाती चुना उरतो. घरच्या विहिरीसाठी नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेची दोन मडक्यांची युक्ती आहे: एक भाग पावडर व दोन भाग जाड वाळू मिसळून भोकाच्या मडक्यात घालायची, ते दुसऱ्या भोकाच्या मडक्यात बसवायचे आणि विहिरीत पाण्याखाली सोडायचे. दोन-तीन आठवडे क्लोरीन हळूहळू पाझरत राहतो.

काम पन्नास ग्रॅमचे, पण ते रोजचे आहे. एका गावी जुलाबाची साथ आली तेव्हा मी गेलो होतो. सारे गाव पाणी सोडणाऱ्यावर तुटून पडले होते. मी विचारले, पावडर का घातली नाही? तो म्हणाला, “दादा, सात महिने पगार नाही. पावडर मागितली तर वसुली होऊ द्या म्हणतात.” खोलीत पोते होते, ते ओल लागून दगड झाले होते. साथीत एक लेकरू गेले होते. मी त्या कामगाराची बाजू घेतली, पण त्या लेकराच्या आईसमोर मला मान वर करता आली नाही.

म्हणून कामगाराची चूक झाकावी असे मी म्हणणार नाही. कॅनडातल्या वॉकरटन गावी मे २००० मध्ये मोठा पाऊस झाला, शेणखत उथळ विहिरीत उतरले. पाणीपुरवठ्याच्या माणसांनी क्लोरीन कमी घातला आणि वहीत खोटे आकडे लिहिले. सात माणसे मेली, दोन हजारांवर आजारी पडली. चौकशीत दिसले की त्यांना पुरते शिक्षणच दिलेले नव्हते आणि वरून तपासणाराही धड कोणी नव्हता. श्रीमंत देशातही राखणदार ढिला पडला की पाणी तेच करते.

तेव्हा माझे मागणे थोडके आहे. मृगापूर्वी गावाने ओढ्याचे पात्र आणि विहिरींचे काठ साफ करावेत. पिण्याच्या विहिरीलगतची वाळू कोणालाही उचलू देऊ नये, मग तो आपला सोयरा असो. ग्रामसभेत पाणी तपासल्याचा कागद जाहीर वाचावा. पाणी सोडणाऱ्याला शिकवावे, महिन्याच्या महिन्याला पगार द्यावा, आणि मग त्याच्याकडून पन्नास ग्रॅमचा चोख हिशेब मागावा. आमची संघटना तो हिशेब द्यायला बांधलेली आहे.

येथून घरी गेल्यावर एवढे करा. आपल्या गावात पाणी कोण सोडतो त्याचे नाव विचारा, आणि त्याचा शेवटचा पगार कधी झाला तेही विचारा.