सेवेचा पहिला तास

२० ऑगस्ट २०२१ रोजी दुसरबीड-तढेगाव परिसरात लोखंड वाहणारे वाहन उलटून समृद्धी महामार्गाच्या कामावरील १३ मजूर मृत्युमुखी पडले. १ जुलै २०२३ रोजी पहाटेपूर्वी याच सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी प्राणांस मुकले.

अशा गावातील सेवाभावी मंडळाने आपले मुख्य कर्तव्य कोणते मानावे? वह्यावाटप, सत्कार, वृक्षारोपण हे उपक्रम स्तुत्यच. परंतु जखमीला पहिल्या तासात हवा असतो रक्तस्राव थांबविणारा हात, १०८ क्रमांकावर अचूक ठिकाण सांगणारा आवाज आणि रक्तदात्यांची तयार यादी. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, हे भय आता नको. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेले कलम १३४-अ सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण देते. नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

रोटरीने १९८५ साली पोलिओ निर्मूलनाचे कार्य हाती घेतले. शासन आणि असंख्य स्वयंसेवकांच्या साथीने ते चालले, आणि भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी नोंदला गेला. एकच काम पंचवीस वर्षे धरून ठेवल्याचे ते फळ होय.

गावातील वीस तरुणांनी प्रथमोपचार शिकावा, दरवर्षी त्याची उजळणी करावी. छायाचित्र निघाले नाही तरी चालेल. हाक येताच माणूस पोहोचला पाहिजे.