माझ्या जुन्या चित्रांतल्या बाया

मैत्रिणींनो, या शिबिरात पोस्टर्सवर बोल म्हटल्यावर मी घरातला जुना गठ्ठाच घेऊन आले. समोर दोरीवर लावला आहे तोच. बारा-तेरा वर्षांपूर्वी एम.एस.डब्ल्यू. होऊन मी अमरावतीत एका संस्थेत लागले. शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली होती, तेवढ्या भांडवलावर मी तिथली चित्रकार झाले. छपाईला पैसे नसत. कार्डशीट, पोस्टर कलर आणि रात्रीचे जागरण!

पहिले चित्र बघा. शेतकरी म्हणजे फेटेवाला पुरुष, खांद्यावर नांगर. बाई मागून भाकरीची टोपली घेऊन येते आहे. मी अचलपूरकडची. निंदण, कापसाचा वेचा, सगळे बायाच करतात हे बघत वाढले. माझ्या आईचे वेचा करून बोटे फाटलेले हात रोज समोर होते. तरी कागदावर उतरले ते कॅलेंडरवरचे आणि शाळेच्या पुस्तकातले चित्र. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले, तर त्याचीही बातमी झाली! आपल्या हाताला वळण कुठून लागते, ते यावरून कळते.

दुसरे चित्र मला आज बघवत नाही. शेतकरी आत्महत्यांवरचे आहे. झाड, दोर, खाली पदर तोंडाला लावून बसलेली बाई, दोन पोरे. कार्यालयात सगळ्यांनी वाखाणले. ते घेऊन मी अकोला जिल्ह्यातल्या एका गावी बैठकीला गेले. एक ताई उठल्या. नवरा जाऊन वर्ष व्हायचे होते. म्हणाल्या, "बाई, ते झाड मी रोज पाह्यतो. इथं भितीवर काहून लावता?" मी गप्प. मग म्हणाल्या, "अन् त्या बाईच्या हाती काहीच नाही काय? सातबारा तरी द्या तिले."

वावर नवऱ्याच्या नावावर होते आणि दीर म्हणत होता, मीच वाहतो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या मिळकतीत विधवा ही मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीची वारस आहे. पण तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज केल्याशिवाय, फेरफार मंजूर झाल्याशिवाय सातबाऱ्यावर नाव चढत नाही. मला हे सगळे पाठ होते हो! चित्रात मात्र मी तिला नुसते रडायला बसवले.

तिसरे चित्र त्यांच्या ओट्यावर बसून काढले. त्या सांगत, मी काढी. तलाठी खुर्चीवर बसलेला मी काढला, बाई उभी. लगेच हुकूम आला, "तिले बी खुर्ची द्या." दिली. हातात अर्ज, पिशवीत मृत्यूचा दाखला, जुना सातबारा. कोणती कागदे न्यायची, हे ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनीही चित्र बघून सांगितले.

ही अक्कल मलाच सुचली असे तेव्हा वाटले होते. पुढे 'शरीर की जानकारी' पाहिले. राजस्थानातल्या खेड्यातल्या बायांनी कार्यशाळांमधून घडवलेले हे पुस्तक 'काली फॉर विमेन'ने 1989 मध्ये काढले. गावात बाई अशी उघडी दिसत नाही, असे त्या बायांनी ऐकवले होते. म्हणून कपडे घातलेली बाई काढली, आणि कागदाची झडप उचलली की आतले शरीर दिसते! शिकलेल्या चित्रकाराला हे सुचले असते का, मला शंका आहे.

आमच्या तिसऱ्या चित्रात एक गोष्ट राहूनच गेली. बाईच्या कपाळाला कुंकू लावायचे का? निम्म्या म्हणाल्या लावा, एक-दोघी चिडून उठून गेल्या, आणि ज्यांचे चित्र त्या ताई काहीच बोलल्या नाहीत. मी दोनदा काढले, दोनदा खोडले. जवळ येऊन बघा, कपाळापाशी कागद विरला आहे.

आता गठ्ठा फिरवते. जे पटत नाही ते मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा. पहिल्या दोन चित्रांवर तर जरूर लिहा.