परगावाहून मोटार घेताना



बैलबाजारात गेलेला शेतकरी बैलाचे दात पाहतो, चार पावलं चालवून पाहतो आणि मगच इसार देतो. तोच माणूस, किंवा त्याच्याच गावचे गुरुजी, जन्माच्या शिलकीतून मोटार घ्यायला निघाले, की फोनवरच्या गोड बोलण्यावर पैसे पाठवून मोकळे होतात! नव्या गाडीत पाहायचं ते काय, असं आपल्याला वाटतं. त्या ‘काय’विषयीच आज थोडं बोलू.

समजा, सावंतवाडीच्या एका शिक्षकांना हवी ती गाडी जवळच्या दुकानी मिळत नाही. कोल्हापूरला तीच तयार उभी आहे, पणजीचा विक्रेता तर सूटही देऊ करतो. जावं का? अवश्य जावं, पण हिशेब मांडून जावं.

पहिला हिशेब किमतीचा. १ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर देशभर लागू झाला. तेव्हा गावागावांतला फरक पडतो तो मुख्यतः विक्रेत्याची सूट, विमा, राज्याचा वाहनकर आणि वरकड खर्च यांत. म्हणून ‘एकूण इतके’ एवढ्यावर समाधान मानू नये. गाडीची किंमत किती, कर किती, विमा किती, चटया-आवरणांचे किती, हे कलमवार लेखी मागावं. विमा त्याच दुकानातून घेतला पाहिजे, अशी सक्ती नाही. दोन ठिकाणी विचारलं तर आपलेच चार पैसे वाचतात.

दुसरा हिशेब राज्याच्या सीमेचा. पणजीला कर कमी पडेल, या आशेनं पुष्कळजण तिकडे वळतात. परंतु कायदा पाहतो तो मालकाचं राहणं आणि गाडीचं ठाणं. गाडी सावंतवाडीस राहणार असेल, तर कायमची नोंदणी महाराष्ट्रात आणि करही महाराष्ट्राचाच. गोव्याहून ती तात्पुरत्या नोंदणीवर आणायची एवढंच. नात्यातल्या कुणाचा खोटा पत्ता देणं म्हणजे स्वस्तात संकट विकत घेणं होय.

आता तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गाडी नवी असली, तरी ती ताजी असेलच असं नाही. कित्येक महिने आवारात ऊन-पाऊस खात उभी राहिलेली गाडीही ‘नवी’ म्हणूनच विकली जाते. म्हणून इसार देण्यापूर्वी चेसिस नंबर मागून घ्यावा. तो १७ अक्षरा-आकड्यांचा असतो. बांधणीचा महिना आणि वर्षही लेखी विचारावं. नमुना २१, म्हणजे विक्रीचा दाखला, यावर हा महिना लिहिलेला असतो. डिसेंबरात बांधलेली गाडी जानेवारीत घेतली, तर पुढं विकताना ती एक वर्षानं म्हातारी ठरते. गाडी जुन्या सालची असेल, तर तेवढी सूट हक्कानं मागावी.

मग एक दिवस मोडून स्वतः जावं. गाडी पाहायची ती दिवसाउजेडी आणि नोंदणीच्या आधी. चेसिस नंबर कागदाशी ताडावा. रंग, काचा, टायर नीट पाहावेत. किती किलोमीटर चालली तो आकडा पाहावा. नाव एकदा नोंदलं गेलं, की ती गाडी तुमची झाली. मग परत करणं म्हणजे वर्षांचं भांडण!

पैसे दुकानाच्या खात्यावरच भरावेत, विक्री करणाऱ्या पोराच्या हाती नव्हे. पावतीवर चेसिस नंबर लिहून घ्यावा, आणि सौदा फिसकटला तर इसार परत मिळेल की नाही, तेही. नोंदणी आणि विमा यांशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तिसऱ्या पक्षाचा विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो.

शेवटी एक. गाडी एकदा आणायची असते, दुरुस्तीला मात्र वारंवार न्यायची असते. त्या कंपनीचा अधिकृत कारखाना आपल्या गावापासून किती दूर आहे, हे आधी विचारा. एका दिवसाच्या सुटीपायी वर्षानुवर्षांची पायपीट पदरी घेण्यात शहाणपण नाही. बैल पारखणाऱ्या माणसाला मोटारही पारखता येते, श्रोतेहो. घाई तेवढी नको.