आधी रीत लिहू, नाव नंतर देऊ



लोकांच्या रोजच्या धर्माचरणावर बोलायला आपण गोंदियात जमलो, याचा मला मनापासून आनंद आहे. धर्माचा अभ्यास म्हटला की आपल्याकडे पोथी, देऊळ आणि संप्रदाय एवढंच पुढे येतं. घरात, बांधावर, गोठ्यात वर्षभर जे चालतं ते 'रूढी' म्हणून तळटिपेत जाऊन पडतं. मला आज त्या तळटिपेबद्दलच बोलायचं आहे.

जिवतीचा सण घ्या. आषाढ अमावास्येला आपल्या झाडीपट्टीतल्या गावांत लोहार येतो आणि दाराच्या चौकटीत खिळा ठोकतो. मासे धरणारा ढिवर जाळं घेऊन येतो, घरच्यांच्या डोक्यावर ते धरतो. भिंतीवर जिवतीचा कागद लागतो, आई लेकरांना ओवाळते. लोहाराला, ढिवराला धान मिळतं. यात पोथी नाही, मंत्र नाही. पावसाळ्यात रोगराई दारात उभी असताना घराचं रक्षण करतात ते हातोडा आणि जाळं, म्हणजे गावच्या कष्टकऱ्यांची हत्यारं. एवढी मोठी गोष्ट आपण दोन ओळींत उरकतो. खरं तर इथूनच विचारायला सुरुवात व्हायला हवी. जाळं मुलांच्याच डोक्यावर की मुलींच्याही? लोहार कुणाच्या उंबरठ्यापर्यंत येतो आणि कुणाच्या अंगणात पाऊलच टाकत नाही? धानाऐवजी नोटा कधीपासून आल्या? ढिवराचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला, तर जाळं कोण आणतं? जातीची उतरंड, बलुत्याची देवघेव, लेकरू दगावण्याची भीती हे सारं त्या एका सकाळीत आहे. ते फक्त नीट पाहणाऱ्याला सापडतं.

नीट पाहणं म्हणजे काय, हे इरावती कर्व्यांनी दाखवलं. 'वाटचाल' या लेखात त्या पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या. भक्तीचा उमाळा त्यांना जाणवला, आणि एकाच वाटेने चालणाऱ्या वारकऱ्यांच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या बसतात हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. दोन्ही त्यांनी लिहिलं. तिकडे अमेरिकेत धर्माचे अभ्यासक रॉबर्ट ओर्सी यांनी १९८५ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या इटालियन कुटुंबांच्या मेरीमातेच्या उत्सवावर ग्रंथ लिहिला. चर्चचे सिद्धांत बाजूला ठेवून ते घराघरांतल्या नवसांकडे, आयांच्या दुखण्यांकडे आणि रस्त्यावरच्या मिरवणुकीकडे वळले. हार्लेमची आई आणि आपल्या सालेकशाची आई यांचे देव निराळे आहेत. लेकरासाठीची धास्ती मात्र शेजारी ठेवून वाचता येते. मला तुलनात्मक अभ्यास हवा तो असा.

आता कचारगडाविषयी. सालेकसा तालुक्यात, दरेकशाजवळच्या या गुहेत माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड बांधव येतात. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या कथेशी ही गुहा जोडलेली आहे. लिंगोचं गाणं छापून आलं ते १८६६ साली, नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद प्रसिद्ध केले तेव्हा. पुढे १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड आले. त्या नोंदी मोलाच्या आहेत, पण त्या राज्यकर्त्यांच्या खात्यातल्या आहेत. आतून लिहिलं ते मोतीरावण कंगाली यांनी; आपल्या समाजाच्या धर्माचा अर्थ त्यांनी आपल्याच माणसांसाठी मांडला. आज जनगणनेत या धर्माला स्वतंत्र रकाना मिळावा अशी मागणी होते, ती मला न्याय्य वाटते. अभ्यासकाने मात्र जत्रेवर थांबू नये. घरातला पेन, म्हणजे देव, कुठे ठेवतात, नवं धान आधी कुणाला दाखवतात, सहा देवांच्या घरची मुलगी सात देवांच्या घरी कशी जाते आणि सहाच देवांच्या घरी का जात नाही, यात तो धर्म रोज जगला जातो.

प्रतापगडाच्या बाबतीत आपण फार घाई करतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या त्या डोंगरावर महादेव आहे आणि दर्गाही आहे. महाशिवरात्रीला दोन्हीकडे गर्दी लोटते. बातमीत लगेच 'ऐक्याचं प्रतीक' छापून येतं, शोधनिबंधात 'समन्वय' येतो. संशोधक रा. चिं. ढेऱ्यांनी विठ्ठलाला महासमन्वय म्हटलं ते आयुष्यभराच्या शोधानंतर. तो शब्द आपल्याला फुकट मिळालेला नाही. गडावर चढणारी बाई आधी कुठे थांबते, काय वाहते, कुणाला काय मागते, हे तिला विचारल्याशिवाय तिच्या श्रद्धेला नाव द्यायचा अधिकार आपल्याला नाही. कदाचित तिला ऐक्याशी काही देणंघेणं नसेल. तिला मूल हवं असेल, नाहीतर नवऱ्याची दारू सुटायला हवी असेल.

म्हणून माझी विनंती नेमकी आहे. गोंदिया जिल्ह्याच्या आठ तालुक्यांतल्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या घरच्या, गावच्या रीतींच्या वह्या लिहून घ्याव्यात, आणि त्या झाडीबोलीत, पोवारीत, गोंडीत, ज्या बोलीत आजी सांगते त्याच बोलीत. सांगणारीची परवानगी घ्यावी, तिचं नाव घालायचं की नाही हे तिनेच ठरवावं. जी पूजा बाहेरच्यांना सांगायची नसते, ती विचारू नये. प्रत्येक वहीची एक प्रत गावाच्या ग्रंथालयात राहावी. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की दंडार आणि नाटकांच्या निमित्ताने नागपूर-रायपूरला कामाला गेलेली माणसंही गावी असतात. काम त्याच दिवसांत सुरू करावं, आणि त्यासाठी प्रत्येक महाविद्यालयाने एका प्राध्यापकाचं नाव आज संध्याकाळपर्यंत कार्यवाहांकडे द्यावं.